दुसरे धर्मांतर : रेव्हरंड टिळकांचे अभंग आणि 'स्मृतिचित्रे'

रावपुऱ्यातील एका घरी पंधरा दिवसांतून एकदा पाचसात शिक्षक जमतात आणि एखादे जुने मराठी पुस्तक आळीपाळीने मोठ्याने वाचतात. गेल्या पावसाळ्यात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' चालू होती. पुस्तक उत्तरार्धात आले असता एका निवृत्त शिक्षिकेने मध्येच वाचन थांबविले. त्या म्हणाल्या, "टिळक ख्रिस्ती झाले ते समजले. पण झालेला माणूस बावीस वर्षांनी मिशनची नोकरी सोडतो आणि साताऱ्यास स्वतःचा दरबार मांडतो, तो कशासाठी? पहिले पाऊल चुकले म्हणून, की ते पुरे पडले नव्हते म्हणून?" त्या दिवशी ह्या प्रश्नाला कोणी नीट उत्तर दिले नाही. प्रस्तुत लेखकानेही दिले नाही. पुढे विचार करताना असे दिसून आले की, आपल्या वाङ्मयसमीक्षेनेही ह्या प्रश्नाला फारसे तोंड दिलेले नाही.

टिळकांच्या वाट्याला मराठी टीकेने दोन खोल्या दिल्या आहेत. एका खोलीत 'फुलांमुलांचे कवी' टिळक राहतात. 'वनवासी फूल', 'सुशीला', निसर्ग, मुले, गृहसौख्य असा त्यांचा संसार असून क्रमिक पुस्तकांतून आपण सर्वांनी तो पाहिला आहे. दुसऱ्या खोलीत ख्रिस्ती टिळक आहेत. त्यांची 'अभंगांजली' आणि उपासनेची गीते ही देवळातल्या मंडळींची खासगी मालमत्ता समजून आपण त्या दाराशी अदबीने थांबतो. ह्या अदबीत सौजन्य असेल. परंतु तिच्यामुळे टिळकांच्या कवितेतील सर्वांत महत्त्वाची घडामोड आपल्या दृष्टीआड राहिली आहे. ही घडामोड १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस झालेल्या बाप्तिस्म्याची नव्हे. त्यानंतर सुमारे दोन तपे चाललेल्या, गाजावाजा न झालेल्या, दुसऱ्या धर्मांतराची ती घडामोड आहे. पहिल्या धर्मांतरात टिळकांनी समाज बदलला. दुसऱ्यात त्यांनी श्रद्धेची भाषा बदलली आणि भाषेबरोबर श्रद्धेचा आशयही बदलून गेला. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे दुसरे धर्मांतरच अधिक मोलाचे वाटले पाहिजे.

टिळक कोठून निघाले हे कळण्यासाठी त्यांच्या आधीच्या पिढीकडे एक दृष्टिक्षेप टाकणे अवश्य आहे. बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले आणि तीनच वर्षांनी त्यांचे 'यमुनापर्यटन' निघाले. हिंदु विधवांच्या दुःखाविषयी त्यांना वाटणारी कळकळ खरी होती, ह्याबद्दल संशय नाही. मराठी कादंबरीचा आरंभ त्या कळकळीने व्हावा ही आपल्या भाषेला भूषणावह गोष्ट आहे. पण पदमनजींच्या कथेत जग दुभागलेले आहे. अलीकडे अंधार, पलीकडे उजेड, मध्ये एक स्पष्ट रेघ. आणि ती रेघ ओलांडली की कथा संपते. मिशनच्या शाळेत शिकविलेली शिस्त तीच होती. जुने ते सर्व टाकावयाचे, टाकल्याची कबुली द्यावयाची आणि त्या कबुलीवरून मनुष्याच्या उद्धाराची खात्री करून घ्यावयाची. गेल्या शतकाच्या आधीच्या त्या काळात अशा काटेकोरपणावाचून घरदार गमावलेल्या मूठभर माणसांचा समाज उभा राहिला नसता, हे विसरून चालणार नाही. मात्र रेघेच्या पलीकडे गेल्यावर मनुष्य पुढे काय करतो, तेथे तो वाढतो कसा, ह्याविषयी 'यमुनापर्यटना'जवळ सांगण्यासारखे काही नाही.

ते सांगण्यासारखे पहिल्यांदा पंडिता रमाबाईंजवळ होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पाठोपाठ वादास तोंड फुटले. सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या मिस बील ह्यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना दिसते की रमाबाई ख्रिस्ताला सोडावयास तयार नाहीत आणि चर्चच्या अधिकाराला मान तुकविण्यासही तयार नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटत नाही, तर त्या तसे स्पष्ट लिहितात. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, आमच्या लोकांस ती काय समजणार, संस्कृत का नको, असे विचारतात. आपण नुकत्याच आपल्या देशातील पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे, ती लगेच दुसऱ्या जोखडात घालणार नाही, हे त्यांचे सांगणे तर प्रसिद्धच आहे. सिस्टर जेराल्डीनना ह्यात अहंकार दिसला. आज वाचणाऱ्याला त्यात संस्कृत शास्त्रार्थाच्या आखाड्यात वाढलेली, प्रमाणावाचून शब्द न स्वीकारणारी एक बुद्धी दिसते. ही बुद्धी तिला जेराल्डीनबाईंच्या धर्माने दिलेली नव्हती; ती बापाच्या घरून आली होती.

तथापि रमाबाईंच्या वाटचालीत एक विपरीत वळण आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. क्रुसावर संस्कृत अक्षरे मागणाऱ्या ह्याच विदुषीने आयुष्याच्या उत्तरकाळात, केडगावच्या मुक्तिसदनात, हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर केले, आणि त्यात हिंदु तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द होता होईतो टाळले. अशिक्षित बायांना कळावे हा हेतू स्तुत्य होता. पण भाषेच्या बाबतीत त्यांनी अखेरीस पदमनजींचीच रेघ अधिक ठळक केली. रमाबाई सिद्धांताच्या बंधनातून सुटल्या, शब्दांच्या सोवळ्यात मात्र अडकल्या, असे म्हटले तर ते कठोर वाटेल. परंतु टिळकांशी तुलना करू लागताच हा विचार टाळता येत नाही.

टिळकांना ख्रिस्ताची गोडी लागली ती सिद्धांतामुळे नव्हे. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने दिलेला नवा करार ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले, ही हकीकत सर्वपरिचित आहे. पुढे नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी शिकविले, १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. ही सगळी वर्षे ते मिशनच्या घरात राहिले आणि त्या घरातील भिंती त्यांना हळूहळू जाणवू लागल्या. मिशनची बहुतेक उपासना परक्या चालींवर बेतलेली होती. इंग्रजी गीताची मात्रा सांभाळण्यासाठी मराठी शब्द पिळले जात. आणि पिळलेल्या शब्दांतून पाप, शिक्षा, प्रायश्चित्त ह्या कल्पना कोरड्या कायद्यासारख्या बाहेर पडत. असे गीत गाताना मनुष्य देवाशी बोलत नाही, तो देवापुढे जबानी देतो. नगरास ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्यांनी टिळकांपूर्वीच घातली होती, हे खरे; टिळकांनी ती वाट रुंद केली. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या गीतसंग्रहात आजही शंभरांहून अधिक गीते एकट्या टिळकांची आहेत. कुठल्याही रविवारी, कुठल्याही गावच्या देवळात, पदमनजींचे वाक्य कोणाला आठवणार नाही. टिळकांचे पद मात्र पेटीवर चालू असते.

आता अभंगाकडे यावयास हवे. आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. हे वाक्य आपल्याकडे फार वेळा उद्धृत होते आणि दर वेळी ते सौजन्याचे वाक्य म्हणून घेतले जाते. जणू टिळक हिंदु बांधवांची समजूत काढीत होते. मला ते अक्षरशः खरे वाटते. शिवाय त्यात एक गोष्ट गृहीत आहे ती आपण लक्षात घेत नाही. पुलावरून पलीकडे गेलेल्या माणसाने पूल मोडला नाही. टिळक त्या पुलावरून येजा करीत राहिले, आणि 'अभंगांजली' ही त्या येण्याजाण्याची नोंद आहे.

अभंग हे रिकामे भांडे नाही की ज्यात कोणताही रस ओतावा. शतकानुशतके ज्या रचनेत देवाला माउली म्हटले, सखा म्हटले, त्याच्या पायी लोटांगण घातले, त्या रचनेत शिरताच शब्द आपापली जुनी नाती घेऊन येतात. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात बोलाविले तेव्हा न्यायासनावर बसलेला ख्रिस्त तेथे येऊ शकला नाही. आली ती आई. 'अभंगांजली'तील मध्यवर्ती प्रतिमा आई आणि गुरू ह्यांच्या एकरूपतेची आहे; आणि ही प्रतिमा नगरच्या धर्मशाळेतील कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती. मनुष्याच्या मूळच्या पतित स्वभावावर मिशनची प्रवचने जो भर देत, तो अभंगांत नाहीसा होत नाही, परंतु त्याचे स्थान बदलते. पाप हा आरोप न राहता ती दूर राहिल्याची खंत होते. येथे टिळकांनी सिद्धांत नाकारला असे म्हणता येणार नाही. त्रैक्य, क्रूस, पुनरुत्थान, सर्व जागच्या जागी आहे. बदलला तो देवाशी असलेला संबंध. एखाद्या धर्मपंडिताने शंभर पाने लिहून जे साधले नसते ते छंदाने साधले. म्हणूनच वर म्हटले की टिळकांचे दुसरे धर्मांतर ही वाङ्मयीन घटना आहे. तिचा पुरावा ठरावांत आणि पत्रांत शोधण्यापेक्षा छंदात शोधावा.

येथवर टिळकांची बाजू मांडली. समीक्षेचे काम एवढ्याने भागत नाही. 'अभंगांजली' आरंभापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचणारा रसिक कंटाळतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कंटाळ्याचे कारण रचनेचा सैलपणा हे नव्हे. टिळकांची भाषा स्वच्छ आणि प्रासादिकच आहे. कारण असे की तुकारामाच्या अभंगातील भांडण टिळकांनी घेतले नाही. तुकोबा विठ्ठलाला जाब विचारतात, त्याच्यावर रुसतात, त्याला शिव्या देण्यापर्यंत जातात. त्यानंतर आलेल्या शरणागतीला मोल येते. टिळकांच्या अभंगात शरणागती पहिल्या चरणापासूनच असते. आईजवळ गेलेले मूल क्वचितच हट्ट करते. ह्याची मीमांसा दोन प्रकारे करता येईल. टिळक स्वभावानेच भोळे आणि क्षणात विरघळणारे होते, असे 'स्मृतिचित्रे' वाचणारा म्हणेल. दुसरे असे की, ज्या समाजाची प्रत्येक हालचाल दोन्हीकडचे लोक तपासून पाहत होते, त्या समाजातील कवीला देवाशी उघड भांडणे परवडत नसावे. मला दुसरे कारण अधिक वजनदार वाटते. ख्रिस्ती कवीने देवाला जाब विचारला की मिशन म्हणणार, ह्याची श्रद्धा डळमळली; आणि पुण्याची मंडळी म्हणणार, पाहा, पस्तावला! अशा कात्रीत मोकळेपणा येणार कसा?

मिशनशी असलेला हा ताण शेवटी कवितेबाहेर आला. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य ह्या दरबारात बंधू म्हणून बसणार होते. पदमनजींची रेघ येथे पुसली गेली. तिच्या दोन्ही अंगांना एकच सतरंजी अंथरली गेली. पण टिळकांनी चर्चवर बहिष्कार घातला नाही, कोणाची निंदा केली नाही, आणि 'ज्ञानोदया'चे संपादन तर अखेरपर्यंत चालविले. पगार सोडला, घर सोडले नाही, असे ह्या वागण्याचे वर्णन करता येईल. आमच्या गुजरातेत राजकोटचे मणिलाल पारेख ह्यांनी पुढे ह्याहून निराळा मार्ग धरला. १९१८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते काही वर्षांतच संघटित चर्चपासून दूर झाले. पारेखांची भूमिका तर्काला अधिक धरून आहे. टिळकांची माणसांना अधिक धरून आहे. तर्काच्या कसोटीवर दरबार ही अर्धवट कल्पना होती, हे मान्य करावेच लागेल. बाप्तिस्मा जर आवश्यक नसेल तर तो स्वतः टिळकांनी का घेतला, आणि आवश्यक असेल तर दरबारात तो ऐच्छिक कसा, ह्याचा निर्वाळा टिळकांच्या लेखनात समाधानकारक रीतीने मिळत नाही. शिवाय काळानेही त्यांना तो देण्यास सवड दिली नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे फार दिवस टिकला नाही. पुढे १९२२ मध्ये जे. सी. विन्स्लो ह्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला, तेव्हा टिळकांचेच बी निराळ्या मातीत रुजले, असे म्हणता येते. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे विन्स्लो तेच.

'ख्रिस्ताय्ना'विषयी थोडक्यातच लिहितो. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राचा हा संकल्प टिळकांनी सोडला आणि आरंभीचे काही अध्याय लिहिले. उरलेला बहुतेक ग्रंथ लक्ष्मीबाईंनी लिहून काढला व १९३८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. फादर स्टीफन्स ह्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'नंतर तीन शतकांनी पुन्हा असा उद्योग व्हावा, ही गोष्ट अभिमानाची आहे. वाचनानंद मात्र त्या मानाने बेताचा. कथा आधीच ठरलेली, तिच्यातील एकही प्रसंग हलविता येत नाही. अशा ठिकाणी टिळकांची आर्तता बांधली जाते.

ज्या पुस्तकात हे दुसरे धर्मांतर खऱ्या अर्थाने पूर्ण झाले ते टिळकांचे नव्हे. ते लक्ष्मीबाईंचे आहे. १९३४ ते १९३६ ह्या काळात निघालेल्या 'स्मृतिचित्रां'ची आपण भाषेसाठी, विनोदासाठी, निरागसतेसाठी वाहवा करतो. त्या वाहवेत एक सूक्ष्म तुच्छता दडलेली असते. बाई साधी, शिकलेली नाही, मनात येईल ते लिहिते, म्हणून गोड. मला हे मत मुळीच मान्य नाही. पुस्तकाच्या रचनेतच एक विचार आहे आणि तो पहिल्या पानांपासून सुरू होतो. आजोबांना १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या प्रसंगाच्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. धान्यच काय, मीठ-साखरदेखील धुऊन घेतल्यावाचून घरात येईना. आत्मचरित्राचा आरंभ स्वतःच्या जन्माने न करता बाईंनी ह्या धुण्याने केला. हसत हसत केला. पण ज्याने हे प्रकरण वाचले त्याला पुढील सर्व पुस्तकाची किल्ली मिळाली. शुद्धतेचा अतिरेक हा भीतीचा मुलगा आहे, हे त्या एका शब्दानेही सांगत नाहीत, आणि आपल्याला मात्र कळते.

पुढे पती ख्रिस्ती झाल्यावर हेच सोवळे लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या अंगी येते. त्या वेगळ्या राहतात. नंतर नगरास पतीकडे परततात तेव्हाही स्वयंपाक निराळा ठेवतात. टिळकांनी बायकोच्या सोवळ्याला आपल्या ख्रिस्ती घरात जागा दिली, ही गोष्ट त्यांच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा मला मोठी वाटते. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न शेवटी बाईंनी स्वतःशीच सोडविला. कोणा उपदेशकाने नव्हे. एकदा उत्तर मिळाल्यावर त्यांनी ते पाळले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही ह्या उत्तरानंतर. टिळकांच्या बाबतीत बाप्तिस्मा आधी आणि मोकळीक मागाहून आली. लक्ष्मीबाईंनी आधी मोकळीक मिळविली. त्यामुळे चर्चच्या नियमांविषयी त्यांच्या मनात ना धाक दिसतो ना राग. मिशनमधील गोऱ्या-काळ्या मंडळींचे वर्णन त्या करतात तेव्हा त्यांची लेखणी नातेवाइकांच्या वर्णनात असते तितकीच मिस्किल आणि तितकीच मायाळू असते. नाशिकचे सोवळेकरी आणि नगरचे धर्मनिष्ठ ह्यांना एकाच पाटावर बसवून वाढावे, तसा प्रकार आहे हा.

आणखी एक गोष्ट. टिळकांच्या अभंगात जे भांडण नाही म्हणून वर खंत केली, ते भांडण ह्या पुस्तकात आहे. देवाशी नव्हे, टिळकांशी. घरातील वस्तू वाटेल त्याला देऊन टाकणाऱ्या, क्षणात रागावणाऱ्या आणि क्षणात विरघळणाऱ्या, महिन्याचा हिशोब देवावर सोडणाऱ्या नवऱ्याशी बाई पानापानाला भांडतात. त्या भांडणाने ह्या संताला मनुष्य केले. टिळकांची श्रद्धा किती खरी होती ह्याचा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार त्यांच्या स्वतःच्या कवितेत सापडत नाही. तो ह्या कटकट करणाऱ्या बाईंच्या गद्यात सापडतो, कारण त्यांनी त्या श्रद्धेचा खर्च स्वतःच्या संसारातून भरला होता. धर्मावरचे पुस्तक म्हणून 'स्मृतिचित्रे' अभ्यासक्रमात कोणी लावीत नाही. लावावयास हरकत नाही.

अभंगापर्यंत जे टिळकांनी आणले ते घरगुती बोलीपर्यंत लक्ष्मीबाईंनी आणले, आणि ह्या शेवटच्या मजलेत उपदेशाचा अंशही उरला नाही. येथे परप्रांतात चार पिढ्या राहून घरात मराठी बोलणाऱ्या आम्हा बडोदेकरांना ह्यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही. गाव बदलले तरी आईला हाक मारण्याची रीत बदलत नाही, हे आम्ही रोज अनुभवतो.

पुढच्या बैठकीस त्या शिक्षिका आल्या तेव्हा त्यांना हे सारे सांगावे असे मनात होते. त्यांनी संधीच दिली नाही. आल्या त्याच पुस्तक उघडून पहिल्या प्रकरणाशी, आणि म्हणाल्या, "मागचे राहू द्या. ती मीठ धुण्याची हकीकत पुन्हा एकदा वाचा पाहू."